पाच चालींतली वसई: पडद्यावरचे मराठे आणि डहाणूची खाडी

१/
डहाणूच्या खाडीच्या मुखाशी एक लहानसा दगडी किल्ला उभा आहे. पोर्तुगीज अमदानीतला हा किल्ला आज सरकारी कचेऱ्यांच्या गजबजाटात सहज नजरेतून सुटतो. खाडीच्या दुसऱ्या अंगाला धाकटी डहाणू. हे मांगेला मच्छीमारांचे गाव भरती-ओहोटीच्या घड्याळावर चालते. १७३९च्या आरंभी या खाडीवरचे निशाण बदलले. पोर्तुगीज गेले, मराठे आले.

२/
आज मराठी मुलांच्या गप्पांत ‘मराठे घेऊन खेळता येईल असा गेम कोणता?’ हा प्रश्न वारंवार निघतो आणि उत्तरादाखल दोन-तीन नावे हमखास पुढे येतात. त्या खेळांत मराठ्यांचा इतिहास किती उतरला आहे आणि त्यांच्या नकाशावर डहाणूच्या खाडीला जागा आहे का, याचा हा धागा.

३/
शिफारशींच्या यादीत पहिला मान ‘एम्पायर: टोटल वॉर’चा. क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीने तो घडवला आणि सेगाने मार्च २००९मध्ये प्रसिद्ध केला. काळ १७०० ते १७९९. युरोप, अमेरिका आणि भारत अशा तीन रणभूमी. मुख्य मोहिमेत ज्या सत्ता खेळाडूला निवडता येतात, त्यांत ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया, उस्मानी साम्राज्य यांच्या पंक्तीला एकच भारतीय सत्ता बसते: मराठा. मोगल आणि म्हैसूर नकाशावर आहेत, पण ते यंत्राच्या हाती.

४/
दीड दशक उलटूनही हा खेळ जुना झालेला नाही. फेरल इंटरॅक्टिव्हने २०२४मध्ये तो मोबाइलवर आणला आणि ज्यांच्या घरी कधी संगणक नव्हता अशा मुलांपर्यंतही तो पोहोचला. साताऱ्याचे निशाण घेऊन लंडनपर्यंत धडक मारल्याची चित्रे मित्रांना पाठवणे हा आता एक छंदच झाला आहे. त्या आनंदात वावगे काही नाही. मात्र त्या आनंदामागच्या नकाशाकडे थोडे निरखून पाहिले पाहिजे.

५/
पहिली गोष्ट आरंभाच्या वर्षाची. खेळ १७००मध्ये सुरू होतो तेव्हा मराठे एका रंगात रंगवलेले, राजधानी असलेले, स्थिर राज्य म्हणून समोर येतात. प्रत्यक्ष १७००चे चित्र पाहावे: औरंगजेबाचा वेढा डिसेंबर १६९९पासून साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याला पडलेला. मार्चमध्ये छत्रपती राजाराम महाराजांचा सिंहगडावर अंत. एप्रिलमध्ये अजिंक्यतारा मोगलांच्या हाती. महाराणी ताराबाईंनी धाकट्या शिवाजीच्या नावाने राज्याची सूत्रे हाती घेतली ती या परिस्थितीत.

६/
म्हणजे त्या वर्षी मराठ्यांची सत्ता नकाशावर रंगवण्याजोगी नव्हतीच. ती घोड्यावर होती. गड पडत होते, पुन्हा घेतले जात होते, आणि सैन्य मोगल मुलखात चौथाई वसूल करीत फिरत होते. एका प्रांतावर एकच रंग भरणाऱ्या खेळाला ही अवस्था दाखवणे अवघड. एकाच गावाकडून मोगल महसूल आणि मराठे चौथाई घेतात, तर त्या गावाचा रंग कोणता?

७/
दुसरी गोष्ट नावाची. खेळात या सत्तेला ‘मराठा कॉन्फेडरसी’ म्हटले आहे. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले आणि पेशवे यांची सैलसर संघटना म्हणजे ही कॉन्फेडरसी. पण तिची घडण शाहू महाराज १७०७मध्ये सुटून आल्यानंतरची. बाळाजी विश्वनाथांना १७१३मध्ये पेशवेपद मिळाले, १७२०मध्ये ते बाजीरावांकडे आले आणि सरदारांचे मुलूख त्यानंतर वाढत गेले. १७००मध्ये ते नाव लावणे म्हणजे बाळाच्या बारशालाच त्याला आजोबा म्हणणे.

८/
आता खाडीकडे वळू. भारताच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा ठसा म्हणून खेळात गोवा दिसतो. वसई हा वेगळा प्रांत नाही. प्रत्यक्षात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीजांचा ‘उत्तरेचा प्रांत’ दमणपासून चौलपर्यंत पसरला होता आणि त्याचे मुख्य ठाणे वसई होते. ठाणे, वांद्रे, वेसावे, अर्नाळा, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू, आत डोंगरावर अशेरी. ही सगळी साखळी खेळात गळून पडली आहे.

९/
साखळी गळाली की तिच्यासाठी झालेली लढाईही गळते. अठराव्या शतकात एखाद्या भारतीय सत्तेने युरोपीय सत्तेचा इतका मोठा किनारी प्रदेश हिसकावून घेतल्याची उदाहरणे फार थोडी. १७३७ ते १७३९ची वसईची मोहीम त्यांत अग्रभागी आहे. ज्या खेळात मराठे युरोपीयांशी झुंजतात म्हणून तो मुलांना आवडतो, त्याच खेळात त्यांची ही सर्वांत मोठी झुंज खेळता येत नाही.

१०/
मोहिमेची सुरुवात राजधानीत झाली नाही. पोर्तुगीज अमलात जाहीर धर्माचरणावर बंधने होती, मंदिरे पाडली गेली होती, जमिनी व वतने गेली होती. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि अणजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारख्या स्थानिक वतनदारांनी पेशव्यांकडे वर्षानुवर्षे गाऱ्हाणी नेली. वाटा, उतार, पहारे, कोण फितूर होईल आणि कोण होणार नाही, याची माहिती पुरवणारी माणसे हीच.

११/
१७३७च्या वसंतात मराठे साष्टीत उतरले. ठाण्याचा किल्ला तेव्हा पुरता बांधूनही झाला नव्हता. तो पडला आणि साष्टी बेट हाती आले. वसई मात्र आली नाही. तीन बाजूंनी पाणी, एकाच बाजूने जमीन, भक्कम तट आणि समुद्रातून येणारी रसद. अशा ठाण्यापुढे नुसते धाडस पुरत नाही, हे पहिल्या दोन वर्षांनी शिकवले.

१२/
म्हणून दुसऱ्या फेरीत चिमाजी अप्पांनी आधी आजूबाजूचे दोर कापले. १७३९च्या आरंभी फौज उत्तरेच्या किनाऱ्यावर गेली. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर आणि डहाणू ही ठाणी एकामागून एक घेतली. यातले एकही ठाणे वसईएवढे मोठे नव्हते. पण दमण आणि वसई यांच्यामधला किनारा याच ठाण्यांनी बांधलेला होता. ती गेली तेव्हा वसईला उत्तरेचा आधार उरला नाही.

१३/
या ‘लहान’ ठाण्यांची किंमत लहान नव्हती. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. ते पेशवे बंधूंचे जिवलग. त्यांच्या आईला पेशव्यांच्या घरातून गेलेले सांत्वनपत्र मराठी पत्रवाङ्मयात प्रसिद्ध आहे. खेळात तारापूर नाही, त्यामुळे तिथे कोणी पडतही नाही.

१४/
त्याच सुमारास दक्षिणेत दुसरी आघाडी उघडली. इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या मुलखात शिरले, जेणेकरून गोव्याहून वसईला कुमक निघू नये. म्हणजे खेळाच्या नकाशावर जो गोवा दिसतो, तो १७३९च्या मराठी डावपेचात शत्रूला गुंतवून ठेवण्याची जागा होता. खरा घाव चारशे किलोमीटरहून अधिक उत्तरेला बसत होता.

१५/
फेब्रुवारी १७३९मध्ये वसईचा वेढा आवळला. जमिनीच्या बाजूने तटाखाली सुरुंग खणले गेले. काही उडाले, काही उलटले. खिंडारातून चढलेली माणसे मागे रेटली गेली आणि पुन्हा चढली. मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीजांना थोडी मदत केली, पण स्वतः युद्धात उतरण्याइतकी नाही. मेच्या मध्यास पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली आणि त्यांना सन्मानाने गलबतांत बसून जाऊ देण्यात आले.

१६/
एक टीप तारखांची. शरणागतीची तारीख कुठे ५ मे, तर कुठे १६ मे अशी आढळते. दोन्ही एकच दिवस. पोर्तुगीज तेव्हा ग्रेगोरियन पंचांग पाळत होते, मुंबईचे इंग्रज १७५२पर्यंत जुने ज्युलियन. अठराव्या शतकात या दोहोंत अकरा दिवसांचा फरक होता. जुन्या मुंबईच्या कागदांवरून लिहिताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

१७/
आता तारखेचे खरे महत्त्व. ‘एम्पायर’मध्ये वर्षाला दोन चाली असतात: एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. १७३७चा वसंत ते मे १७३९ हा सव्वादोन वर्षांचा काळ खेळाच्या हिशेबात जेमतेम पाच चाली होतो. पाच वेळा बटण दाबले की मोहीम संपली. आणि त्या पाच चालींत पावसाळा एकदाही येत नाही, कारण खेळाच्या पंचांगात तो ऋतूच नाही.

१८/
उत्तर कोकणात पावसाळ्यावाचून युद्ध समजत नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागला की खाड्या फुगतात, वाटा चिखलात जातात, दारू भिजते, खणलेल्या सुरुंगांत पाणी शिरते आणि उघड्या समुद्रात होड्या घालता येत नाहीत. वसई मेच्या मध्यास पडली नसती, तर जेमतेम तीन-चार आठवड्यांत वेढ्याची सारी मेहनत चिखलात गेली असती. अखेरच्या दिवसांतल्या त्या जिवावर उदार हल्ल्यांमागे आभाळाचे हे घड्याळ होते.

१९/
धाकटी डहाणूत आजही तेच घड्याळ चालते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणली-सांधली जातात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला की नवा हंगाम. एरवीही होडी खाडीतून कधी काढायची आणि परत कधी आणायची हे भरती सांगते. ओहोटीला मुखाशी पाणी उतरते आणि मोठ्या बुडाच्या जहाजाला तिथे थारा नसतो.

२०/
याच कारणाने या किनाऱ्यावरची मराठी आरमारे गलबते आणि गुराबा यांवर उभी होती: कमी पाण्यात शिरणारी, वाऱ्यावर चालणारी, वारा पडला तर वल्ह्यांनी हलणारी. ‘एम्पायर’ हा टोटल वॉर मालिकेतला पहिला खेळ, ज्यात समुद्रावरची लढाई प्रत्यक्ष लढता येते. पण त्या समुद्राला भरती नाही, ओहोटी नाही. तिथे जास्त तोफांचे जहाज सरस ठरते. खाडीत मात्र सरस ठरते ते पाणी ओळखणारे जहाज.

२१/
खेळकर्त्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण नकाशाकडे असे वरून पाहण्याची परंपरा फार जुनी आहे. हत्ती, घोडे, रथ, पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर मांडणारा चतुरंग भारतातलाच. १८२४मध्ये प्रशियाच्या राइसवित्झने नकाशावर ठोकळे सरकवण्याचा ‘क्रीग्सस्पील’ हा युद्धखेळ सैन्यात रूढ केला. त्यात पंच असे आणि आपल्या टेहळ्यांना दिसेल तेवढेच खेळाडूला सांगे. आजच्या पडद्यावरचे ‘युद्धाचे धुके’ तिथून आले.

२२/
या खेळांचा मूळ ग्राहक सेनापती होता. सेनापतीला हवे ते त्यात आहे: प्रांत, फौज, खजिना, रसद. अणजूरच्या नाइकाला जे ठाऊक होते ते त्यात नाही: कोणत्या रात्री कोणत्या उतारावर गुडघाभर पाणी असेल. वसईची मोहीम मात्र या दोन्ही ज्ञानांच्या भेटीतून जिंकली गेली.

२३/
शिफारशीतले दुसरे नाव ‘युरोपा युनिव्हर्सालिस’. स्वीडनच्या पॅरडॉक्सची ही मालिका एका फ्रेंच पटखेळावरून निघाली. २०१३मधला चौथा भाग ११ नोव्हेंबर १४४४ला सुरू होतो. तेव्हा दख्खनवर बहमनींचा अंमल. मराठे नकाशावर नसतात, मराठी संस्कृतीची सत्ता वाढवून ते ‘घडवावे’ लागतात. ही कल्पना इतिहासाला अधिक जवळची आहे: राज्य आयते मिळत नाही, परिस्थितीतून उभे राहते.

२४/
नोव्हेंबर २०२५मध्ये आलेला या मालिकेचा पाचवा भाग १३३७ला सुरू होतो. देवगिरीच्या यादवांचा शेवट होऊन दोन दशके झालेली, महंमद तुघलकाचे राज्य, आणि बहमनी सत्तेचा जन्म अजून दहा वर्षे दूर. महाराष्ट्राच्या शालेय इतिहासात हा काळ दोन ओळींत संपतो. एखादा खेळ मुलाला त्या दोन ओळींत थांबायला लावत असेल, तर ते त्याचे मोठेच काम.

२५/
तिसरे नाव ‘एज ऑफ एम्पायर्स २’. १९९९चा हा खेळ सायबर कॅफेच्या पिढीने डोक्यावर घेतला. त्यात पुढे आलेली ‘इंडियन्स’ ही एकच सरधोपट संस्कृती एप्रिल २०२२च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या विस्ताराने मोडली आणि तिच्या जागी हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली, द्रविड अशा चार आणल्या. राजेंद्र चोळ आणि देवपाल यांच्या मोहिमा आल्या. महाराष्ट्राला स्वतंत्र जागा मिळाली नाही, पण ‘भारत म्हणजे एकच रंग’ ही समजूत तरी ढासळली.

२६/
खेळांतून इतिहास शिकताना एक सावधगिरी. ‘सिव्हिलायझेशन’ या १९९१च्या खेळात एका गणिती चुकीमुळे महात्मा गांधी अणुबॉम्ब टाकत सुटत, ही कथा जगभर खरी मानली गेली. निर्माता सिड मायर याने २०२०मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात स्पष्ट केले की अशी चूक मूळ खेळात नव्हतीच. खेळाचा स्वतःचा इतिहासही दंतकथांनी भरतो, मग खेळातल्या इतिहासाचे काय!

२७/
आपली गोष्ट आपणच मांडण्याचे प्रयत्नही झाले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ लोकवर्गणीची पहिली मोहीम फसल्यावरही २०२०मध्ये पुरा झाला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळांच्या नामांकनात पोहोचला. त्याची चित्रशैली पहाडी लघुचित्रांची आणि कथनाला सावल्यांच्या बाहुल्यांचा आधार. तो पुराणकथेचा खेळ आहे, इतिहासाचा नव्हे. पण पुण्यात बसून असे काम होऊ शकते, याची तो साक्ष आहे.

२८/
उत्तर कोकणाच्या मोहिमेसाठी लागणारी साधने हाताशी आहेत. गो. स. सरदेसाई यांनी संपादलेले ‘पेशवे दप्तर’चे ४५ खंड १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात छापले गेले आणि त्यांत वसईच्या मोहिमेची पत्रे आहेत. छावणीतून लिहिलेली, दारूगोळ्याची मागणी करणारी, कोण जखमी झाले ते कळवणारी. एका चांगल्या खेळाला लागणारा सगळा कच्चा माल त्यांत आहे.

२९/
आणि हत्यारही हाताशी आहे. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’सारख्या खेळांचे प्रसंग, प्रांत आणि निर्णय साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असतात. जगभरचे खेळाडू त्या उघडून आपापल्या गावाचा इतिहास त्यात घालतात. त्याला मॉड म्हणतात. त्यासाठी मोठी कंपनी लागत नाही. पत्रे वाचण्याची चिकाटी आणि एक रिकामी सुटी लागते.

३०/
असा मॉड कोणी केलाच, तर त्यात चार गोष्टी हव्यात. वसईचा प्रांत गोव्यापासून वेगळा. किनाऱ्यावरची ठाणी एकेक करून घ्यावी लागावीत. पावसाळ्याला स्वतःची चाल असावी आणि तिच्यात वेढा चालवणे जवळजवळ अशक्य व्हावे. आणि अणजूर-मालाडच्या माणसांचे गाऱ्हाणे ऐकल्याशिवाय मोहीम सुरूच होऊ नये.

३१/
वसईच्या विजयाच्या खुणा आजही कानी पडतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा १७२१ची, पोर्तुगीज ओतकामाची. उत्तर कोकणातल्या चर्चमधल्या घंटा मोहिमेनंतर घाटावरच्या देवळांत गेल्या. अशा घंटेवरचे साल वाचणाऱ्याला एका धातूच्या तुकड्यात दोन धर्म, एक युद्ध आणि एक किनारा सापडतो.

३२/
डहाणूत मात्र घंटा नाही. तिथे आहे खाडीच्या तोंडावरचा एक लहान किल्ला आणि पलीकडे भरतीची वाट पाहणाऱ्या होड्या. मराठी अमल १८१७-१८च्या सुमारास संपला, कंपनी आली, मग तीही गेली. खेळाच्या नकाशावर या खाडीवर आजवर एकही रंग चढलेला नाही. तो चढवायचा तर आधी पाणी कधी चढते आणि कधी उतरते, हे धाकटी डहाणूला विचारावे लागेल.